नुसत्या बसणाऱ्या काकू

निगडीला खोली बघायला गेले तेव्हा मी उत्तरं तयार ठेवूनच गेले होते. आधीच्या सगळ्या घरमालकांनी तेच ते विचारलं होतं. लग्न झालंय का, मित्र येतात का, पार्ट्या होतात का. या बंगल्याच्या मालकीण काकूंनी मला बाहेरच्या जिन्याने वर नेलं, खोली दाखवली, नळ सोडून पाण्याचा जोर दाखवला आणि विचारलं, "तुझ्याकडे कोणी येतं-जातं का?"

"नाही काकू, कोणी म्हणजे कोणीच येत नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "मैत्रिणीसुद्धा नाहीत?"

"आहेत, पण येत नाहीत. मी माझ्या कामात असते. तुम्हाला माझा आवाजसुद्धा यायचा नाही."

"मग अवघड आहे," त्या म्हणाल्या आणि नळ बंद केला.

खोली हातची गेली असं समजून मी जिना उतरले. खालच्या पायरीशी त्यांनी मला थांबवलं. खोली देते म्हणाल्या, पण दोन अटी. सकाळचा चहा झाल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत त्यांचं दार वाजवायचं नाही. "आग लागली तर वाजव. बाकी कशाला नाही." आणि रोज दिवेलागणीला मी खाली येऊन त्यांना तोंड दाखवायचं. "बोललंच पाहिजे असं नाही. पण दिसली पाहिजेस."

पहिली अट मला एकदम पटली. दुसरी मात्र जड वाटली. रोज तोंड दाखवायचं म्हणजे रोज काहीतरी बोलायला शोधायचं. सामान आणायच्या आधीच मी मनात वाक्यं जुळवायला लागले होते.

मी लातूरकडची, भरल्या घरात वाढलेली. आमच्याकडे कोणी दार लावून बसलं की बरं नाही का म्हणून विचारायला माणसं यायची. एकटीची खोली असावी हे माझं शाळेपासूनचं स्वप्न होतं. हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागली आणि ते पुरं झालं. काम बहुतेक घरूनच असायचं, ऑफिसला महिन्यातून एखादी चक्कर मारली की भागायचं. सुरुवातीला फार बरं वाटलं. मग हळूहळू काहीतरी बिघडत गेलं. दिवसभर कानात हेडफोन, त्यात कोणाकोणाचे आवाज, स्वतःचा कॅमेरा बंद. संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलायला जावं तर घशातून फाटका आवाज निघायचा. फोन वाजला की छातीत धडधडायचं, आणि दिवसभर वाजला नाही तरी धडधडायचं. माणसं नको वाटायची आणि एकटेपणही नको वाटायचं. हे कोणाला सांगावं, तर सांगायलाही माणूस लागतो.

काकूंना गल्लीत सगळे 'ऑपरेटर बाई' म्हणायचे. पिंपरीच्या एका कंपनीत त्या टेलिफोनच्या बोर्डावर होत्या. नोकरीची सगळी वर्षं कानाला हेडफोन लावून एकाचा फोन दुसऱ्याला जोडून देण्यात गेली. काकाही त्याच कंपनीत, पत्र्याचे भाग दाबून काढायच्या प्रेस शॉपला. दोघांनी ओव्हरटाइम करकरून प्राधिकरणातल्या प्लॉटवर हे घर उभं केलं. काका गेल्यावर काकू खाली एकट्याच राहायच्या. हॉलमध्ये बुद्धाची पितळी मूर्ती, तिच्यासमोर रोज एक ताजं फूल, आणि टीव्हीवर भरतकाम केलेलं झाकण, जे मी कधी निघालेलं पाहिलं नाही.

सकाळी त्या आतून कडी लावायच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायच्या. नुसत्या. हातात पेपर नाही, निवडायला भाजी नाही, मोबाइल हॉलमध्ये ठेवलेला. बुद्धविहारातल्या बायकांना वाटायचं, बाई ध्यान करतात. एकदा दोघीजणी आल्या, आम्हालाही शिकवा म्हणून. काकू ओशाळल्या.

"अहो, मला ध्यानबिन काही येत नाही. मी नुसती बसते."

"पण मनात काहीतरी म्हणत असाल ना?"

"काही नाही म्हणत. लोकांचं बोलणं कानातून निथळू देते, एवढंच."

त्या बायकांना ते फारसं पटलं नाही. मला मात्र काकूंनी एकदा नीट समजावून सांगितलं होतं. बोर्डावरच्या सगळ्या लाइनी एंगेज असल्या की बाहेरून कितीही महत्त्वाचा फोन येऊ दे, तो लागत नाही. माणसाने म्हणून एखादी लाइन मोकळी ठेवावी.

"आणि सगळ्याच मोकळ्या राहिल्या तर?" मी विचारलं.

"मग बोर्ड बंद पडलाय का ते बघायला माणूस पाठवतात," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे रोखून बघत राहिल्या. मी विषय बदलला.

दिवस कलला की त्यांचं अगदी उलटं सुरू व्हायचं. इस्त्रीची सुती साडी, चेहऱ्याला पावडर, हातात पर्स, पर्समध्ये ज्येष्ठ नागरिकांचा पास. अशा तयार होऊन त्या निगडीच्या बसस्टँडवर जायच्या आणि बाकड्यावर बसायच्या. जायचं कुठेच नसायचं. आलेल्या-गेलेल्याला कुठली बस कुठे लागते ते सांगायचं, कोणाची पिशवी सांभाळायची, कोणाची सासू ऐकून घ्यायची, आणि दिवे लागायच्या वेळेला घरी यायचं. मी तोंड दाखवायला खाली गेले की त्या दिवशीची माणसं मला सांगायच्या. चाकणच्या कंपनीत रोज उभं राहून पायांच्या शिरा सुजलेली बाई. मुलीच्या सासरी पहिल्यांदाच निघालेले आणि घाबरलेले एक आजोबा. नाव मात्र एकाचंही माहीत नसायचं.

"नाव का नाही विचारत काकू?"

"नाव विचारलं की नंबर मागतात. नंबर दिला की रोज सकाळी फुलांचे फोटो येतात."

एकदा त्या मला बळेच बरोबर घेऊन गेल्या. गर्दीत शिरल्याबरोबर माझे तळहात घामेजले. इथून निघायला काय कारण सांगावं याचाच मी विचार करत होते. काकूंच्या दुसऱ्या बाजूला कंपनीचा गणवेश घातलेली एक बाई येऊन बसली आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. तिचं डोकं हळूहळू कलंडत काकूंच्या खांद्यावर आलं. काकू हलल्या नाहीत. माझ्याशी बोलणंही थांबवलं. तिच्या गणवेशावर छापलेलं कंपनीचं नाव बघून त्यांनी ती कुठे जाणार ते ओळखलं असावं, कारण महाळुंग्याची बस लागली तेव्हा त्यांनी तिला हलकेच थोपटून उठवलं. बाई दचकली, केस सावरले, बसमध्ये चढली. एक शब्दसुद्धा बोलली नाही.

"ओळखीची होती?" मी विचारलं.

"छे गं. पण दमली होती."

मला हेवा वाटला. कोणाचा, त्या झोपलेल्या बाईचा की काकूंचा, ते ठरवता आलं नाही.

मग ती थंडीतली सकाळ आली. मी कॉलवर होते. खालून पातेलं पडल्याचा आवाज आला आणि त्याच्यापाठोपाठ काहीतरी जड पडल्याचा. मग काहीच नाही. मी हेडफोन काढून कान दिला. शांतता. जिना उतरून काकूंच्या दारासमोर उभी राहिले. आग लागली तर वाजव, त्या म्हणाल्या होत्या. आता ही आग होती का? पातेलं कोणाच्याही हातून पडतं. उगाच दार वाजवलं आणि त्या चिडल्या तर? खोली सोडायला लावली तर? मी जिना अर्धा चढले, थांबले, पुन्हा उतरले. हात वर केला आणि खाली घेतला. शेवटी वाजवलं. उत्तर नाही. हाक मारली. तरी नाही. तेव्हा मात्र मी पळत समोरच्या डेअरीत गेले.

डेअरीवाले अण्णा इथले मूळचे गावकरी. आमचा सेक्टर झाला तो त्यांच्या वाडवडिलांच्या शेतावर.

"बाई बसल्या असतील की, ताई. त्यांचा टाइमच हाय ह्यो."

"अण्णा, काहीतरी पडल्याचा आवाज आला. हाक मारली तर ओ देत नाहीत."

अण्णा दुधाची पिशवी तशीच टाकून निघाले. बंगल्याच्या मागे जाऊन त्यांनी खिडकीच्या गजातून हात घातला आणि मागच्या दाराची कडी काढली. काकू ओट्याखाली फरशीवर आडव्या होत्या. डोळे उघडे, पूर्ण शुद्धीत. उजवं मनगट भलतीकडेच वळलेलं.

"बाई, आवो हाक न्हाई का मारायची?" अण्णा कळवळून म्हणाले.

"मारणार होते," काकू म्हणाल्या. "तोंडही उघडलं. पण कोणाला मारावी तेच सुचेना."

रिक्षातून दवाखान्यात नेताना, एक्स-रेच्या खोलीबाहेर थांबताना, मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. त्यांच्या जागी मी पडले असते तर मी कोणाचं नाव घेतलं असतं? फार विचार करूनही एकच नाव आठवत होतं, काकूंचं. आणि त्या तर कडी लावून बसलेल्या.

काकूंच्या मुलाला मीच फोन लावला. तो लागेपर्यंत बराच वेळ गेला. काकूंचा हा एकुलता एक मुलगा, मी त्यांना दादा म्हणायचे. राहायला हिंजवडीला, उंच इमारतीत. महाळुंग्याला गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे, तिथे प्रॉडक्शनची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. माणूस सज्जन, पण कधी एका जागी पूर्ण असा दिसायचा नाही. बोलताना अर्धं लक्ष फोनवर. लाइन बंद पडली, माल अडकला, माणूस आला नाही, असं काहीतरी त्यांच्या खिशात कायम थरथरत असायचं.

ते दवाखान्यात आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आईला आपल्याकडेच न्यायचं असं ठरवून आले होते.

"नको रे," काकू म्हणाल्या. "तुझ्याकडे सून आहे, नातवंडं आहेत, कामाला बाई आहे. सगळी गोड माणसं. पण तिथे मला थोडा वेळ बसायचं म्हटलं तर बाथरूमला कडी लावावी लागते."

"आई, तू एकटी पडून राहिली होतीस."

"पडून होते, ते खरं. पण एकटी आहे म्हणून पडले नाही. तेल सांडलं होतं म्हणून पडले."

यावर दोघांचंही समाधान होईना. शेवटी दादांनी दुसरा मार्ग काढला. पुढच्या रविवारी हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात पेरूएवढे दोन पांढरे कॅमेरे लागले. त्यांना मान होती, ती वळायची. आणि ते बोलायचे.

"आई, गोळी घेतलीस का?" छताजवळून दादांचा आवाज यायचा. काकू दचकायच्या, हातातलं भांडं हिंदकळायचं. "घेतली रे बाबा," त्या वर बघून म्हणायच्या. थोड्या वेळाने पुन्हा, "आई, ओट्यापाशी किती वेळ उभी आहेस? बस की जरा." मग काकू बसायच्या. पण ते बसणं वेगळं होतं. पाहुण्यांकडे गेल्यासारखं, साडी सारखी करून, पाठ ताठ ठेवून. हात प्लास्टरमध्ये असूनही डाव्या हाताने कपड्यांच्या घड्या मोडायच्या आणि पुन्हा घालायच्या.

"नुसती बसले की वाटतं, आता तो म्हणेल, आई बरी आहेस ना," त्या मला एकदा जिन्यात म्हणाल्या. घरात हळू बोललं तरी कॅमेऱ्यातून ऐकू जायचं म्हणून आम्ही जिन्यात बोलायचो. "रात्री तो लाल दिवा लुकलुकतो. मी नीट झोपलेय की नाही तेसुद्धा कोणीतरी बघतंय असं वाटतं. मग झोपच येत नाही."

बसस्टँडही बंद झाला होता. गर्दीत हाताला धक्का लागेल म्हणून दादांनी शपथ घातली होती. म्हणजे काकूंचं एकटं बसणंही गेलं आणि माणसांत बसणंही गेलं. दोन्हींच्या जागी नुसतं कोणाचं तरी लक्ष उरलं. डोळ्यांखाली काळं आलं, बोलता बोलता धागा सुटायला लागला. बुद्धासमोरचं फूल दोन-दोन दिवस बदलायचं राहून जायचं. मला धास्ती वाटायला लागली की हात बरा होईल आणि बाई मात्र हातची जाईल.

या सगळ्यात मी मधल्यामध्ये सापडले. एक दिवस दादांचा फोन आला. "स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यावर काहीतरी पडलंय बहुतेक. जरा बघून सांगता का?"

खाली गेले तर कॅमेऱ्यावर टॉवेल.

"सांग त्याला, वाळत घातलाय," काकू म्हणाल्या.

मी तसं सांगितलं. दादांनी 'बरं' म्हटलं. मग म्हणाले, "तुम्हालाही वाटतं ना, मी चुकतोय म्हणून?"

"तसं नाही दादा."

"ती पडली तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. फोन सायलेंटवर होता. तेव्हापासून तिचा फोन एकदा जरी उचलला गेला नाही तरी माझे हात गार पडतात. प्लांटमध्ये उभा असतो आणि समोरचा काय बोलतोय ते कळत नाही."

ते गार हात मला माहीत होते. त्यामुळे मला त्यांचा रागही धड करता येईना. मी काकूंना टॉवेल काढायला लावला आणि वर येऊन कितीतरी वेळ कामाला हात लावू शकले नाही.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यातली गोष्ट. मला ऑफिसला जावं लागलं होतं. काहीतरी सादरीकरण होतं आणि मी घाबरलेलीच होते. दुपारी दादांचा फोन.

"आई तुमच्याबरोबर आहे का?"

"नाही. मी हिंजवडीला आहे."

"कॅमेऱ्यात कुठेच दिसत नाहीये. फोन लावला तर हॉलमध्येच वाजतोय, मला इथे कॅमेऱ्यातून ऐकू येतोय. सकाळपासून घरात कोणी हललेलं नाही." मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. "मी निघालोय."

मीही निघाले. कोणाला काय सांगितलं आठवत नाही. हिंजवडीतून बाहेर पडायला त्या दिवशी जन्म लागतोय असं वाटलं. रिक्षा तसूतसूने पुढे सरकत होती आणि मी डोळ्यांसमोर काय काय बघत होते. गल्लीत पोचले तर अण्णा डेअरी बंद करून बंगल्याच्या दारात उभे.

"आत न्हाईत बाई. मागं पुढं समदं बघितलं. पार बागेपत्तुर जाऊन आलो."

दादांची गाडी आली तसे आम्ही तिघं तडक बसस्टँडवर गेलो. दादा फोनमधला आईचा फोटो दाखवत एकेकाला विचारायला लागले. एका कंडक्टरने फोटो बघितला आणि हसला. "ह्या आमच्या मावशी. पण त्या संध्याकाळच्या येतात हो. आता तर बरेच दिवस दिसल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?" शेंगदाणे विकणाऱ्या बाईने तेच विचारलं. झाडू मारणाऱ्याने तेच विचारलं. चौकशी करायला गेलेल्या दादांचीच सगळे चौकशी करायला लागले.

"आई रोज इथे येते?" दादांनी मला विचारलं.

"हात मोडेपर्यंत रोज यायच्या."

"कशाला?"

"बसायला."

ते बाकड्याकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "पोलिसांत जाऊ." पण त्यासाठी लागणारी काकूंच्या आधार कार्डाची प्रत घरी होती, म्हणून आधी घरी यायचं ठरलं. दादा आणि अण्णा खाली कपाटं उघडायला लागले. माझा फोन बंद पडायला आला होता, म्हणून चार्जर आणायला मी वर गेले.

दाराचं कुलूप कडीला नुसतं अडकवलेलं होतं. खालून बघणाऱ्याला ते लागलेलंच वाटलं असतं. जास्तीची किल्ली काकूंकडे होती, हे मला त्या क्षणी आठवलं. दार ढकललं. काकू माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

मी उंबऱ्यातच थिजले. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना. पुढे जाऊन हात लावायचं धाडस होईना. मग त्यांच्या खांद्यावरची शाल किंचित वर गेली आणि खाली आली. पुन्हा वर गेली. काकू घोरत होत्या, अगदी बारीक.

मी खाली बसले आणि रडले. त्या आवाजाने त्या जाग्या झाल्या.

"आलीस का?" त्या म्हणाल्या. "मी जरा बसायला आले होते गं. तुझ्या खिडकीशी. इतकं शांत वाटलं. मग म्हटलं पाठ टेकते." आणि माझ्याकडे बघून, "काय झालं? कोणाचं काही वाईट झालं का?"

दादा जिन्यावरून धावत आले. आईला बघून त्यांचा सगळा धीर सुटला. आधी ते ओरडले, असं कोणी करतं का, सांगून जायला काय होतं. मग ओरडता ओरडता त्यांचा आवाज फुटला आणि ते माझ्या कामाच्या खुर्चीवर डोकं धरून बसले.

काकू उठून त्यांच्याजवळ गेल्या. डोक्यावर हात ठेवला नाही, नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या.

"तू पाळणाघरात असायचास," त्या म्हणाल्या. "मी बोर्डावर. मलाही वाटायचं, एखादी खिडकी असावी आणि तुझ्याकडे बघत बसावं. मधूनमधून फोन लावायचे मी तिथल्या बाईंना. त्या चिडायच्या. म्हणायच्या, ताई, तुम्ही फोन केला की तो जागा होतो."

दादांनी डोकं वर केलं.

"तुझी काळजी मला कळते. मी पुन्हा पडेन, हेही खरं आहे. पण मला रोज थोडा वेळ कोणी न बघता राहायला हवं. आणि रोज थोडा वेळ अशा माणसांत, ज्यांना माझी काळजी नाही. नाहीतर मी अशीच इथेतिथे झोपून राहणार."

अण्णा दारात उभे होते. ते म्हणाले, "दादा, आमी हाय की हितं. बाई बसून उठल्या की खिडकीतनं एक आवाज देतील. न्हाई दिला तर मी कडी काढतो. मला आता जमतंय ते."

असं हळूहळू ठरत गेलं. स्वयंपाकघरातला कॅमेरा निघाला. हॉलमधला राहिला, पण त्याचं तोंड दाराकडे फिरवलं. हात पूर्ण बरा झाल्यावर बसस्टँड पुन्हा सुरू झाला. आणि काकूंनी दादांसमोरच मला सांगून टाकलं की सकाळचं बसणं त्या यापुढे माझ्या खोलीतच करणार. खालच्या भिंतींना आता कान फुटलेत, तिथे त्यांचं मन लागत नाही.

"पण काकू, सकाळी तर मी कामावर असते. खोलीत."

"मग कंपनीत जा. एवढी मोठी इमारत बांधलीय ना तुमच्यासाठी."

मला वाटलं त्या थट्टा करतायत. दादांनी दोन दिवसांत जिन्याला नवा, जाड कठडा बसवून घेतला तेव्हा कळलं की थट्टा नाही.

मी जायला लागले. सुरुवातीचे दिवस भयंकर गेले. कंपनीच्या बसमध्ये कोणी शेजारी बसलं की माझं अंग आखडायचं. कँटीनमध्ये ताट घेऊन उभी राहिले की कुठल्या टेबलाकडे जावं ते ठरेना. एकदा मी ताट घेऊन तशीच जिन्यात जाऊन जेवले. संध्याकाळी काकूंना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. "जिन्यात जेवलीस तर जेवलीस," म्हणाल्या. "उद्याही जा." उद्याही गेले. धडधड थांबली असं नाही, अजूनही ती होते. पण संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलताना आवाज नीट निघायला लागला. आणि रात्री दार लावून एकटी बसले की ते बसणं पूर्वीसारखं अंगावर यायचं नाही.

नंतर लग्न होऊन मी चिंचवडला राहायला आले. काकू अजून निगडीतच असतात. सगळ्यात जास्त मला आठवते ती खोली सोडायच्या थोडं आधीची एक सकाळ. डोकं दुखत होतं म्हणून मी ऑफिसात पोचल्या पोचल्या रजा टाकून परत आले. दारात दादांची गाडी. कामाच्या दिवशी, भर सकाळी. मी जवळजवळ धावतच आत गेले.

काकू स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होत्या.

"दादा आलेत? काय झालं?"

"काही नाही झालं. वर बसलाय."

"माझ्या खोलीत?"

"हो. आला, म्हणाला, आई, आज तू नको जाऊस वर, मी जाऊ का जरा? मी म्हटलं जा." त्यांनी गॅस बारीक केला. "फोन गाडीतच ठेवलाय त्याने."

मी ओट्याशी उभी राहिले. वरून काहीच आवाज येत नव्हता. एखादा माणूस काहीच करत नसेल तर जसा येत नाही तसा. काकूंनी कुकर उतरवला, पापड भाजले, मला काकडी चिरायला दिली.

बऱ्याच वेळाने दादा जिना उतरून आले. डोळे लाल होते, झोपेने की आणखी कशाने ते सांगता येणार नाही. मला बघून जरा संकोचले. "तुमची खोली वापरली. चालेल ना?"

"चालेल की."

आम्ही तिघं खाली पाट मांडून जेवायला बसलो. दादांनी काही सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही. एरवी तीन माणसं अशी गप्प जेवायला बसली की मला घाम फुटायचा. आपणच काहीतरी बोलायला हवं, नाहीतर यांना काय वाटेल, असं होऊन मी हवेपाण्याचं काहीतरी बोलून टाकायचे. त्या दिवशी तसं काही झालं नाही. झालं नाही हेसुद्धा मला वाटीतलं वरण संपल्यावर लक्षात आलं. काकूंनी न विचारता आणखी वाढलं, आणि मी नको म्हटलं नाही.